मान मोकळी राहील असे रस्ते

ऑगस्टमधला शनिवार होता. मी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आमच्या गराजमध्ये सायकलच्या चाकात हवा भरत होतो, कारण थोड्या वेळात दिलीपदादांकडे एडिसनला जायचं होतं. फोन वाजला तो त्यांच्या मुलीचा, नेहाचा. ती बॉस्टनला असते. त्या आठवड्यात आईवडिलांकडे आली होती. ‘मिलिंदकाका, बाबा पास्ड अवे,’ ती म्हणाली, आणि मग मराठीत, ‘तुम्ही या ना प्लीज. आईला काही सुचत नाहीये.’ पंप तसाच चाकाला अडकवून मी गाडी काढली. दिलीप इनामदार सत्तरीला टेकले होते, तब्येत ठणठणीत होती, आणि सप्टेंबरअखेर आम्ही सगळे सायकली चालवायला इटलीला जाणार होतो. तिकिटं काढून झाली होती.

घडलं ते असं. दादा रोजच्यासारखे सकाळी आंघोळ उरकून खाली बेसमेंटमध्ये कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. सुलभावहिनींनी चहा केला आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली. उत्तर आलं नाही, पण त्यात नवीन काहीच नव्हतं. दादांना बऱ्याच वर्षांपासून ऐकू कमी यायचं, आणि खाली गेले की ते कानातली मशीनं काढून टेबलावर ठेवत. वहिनींनी आपला चहा घेतला, मेथी निवडली, पुन्हा एकदा हाक मारली. शेवटी नेहा कप घेऊन खाली गेली. दादा खुर्चीतच होते, मान एका बाजूला कललेली, आणि समोर पडद्यावर इटलीतला एक रस्ता. हृदय बंद पडलं. नेमकं केव्हा, ते डॉक्टरांना सांगता येईना. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘मी पहिली हाक मारली तेव्हा तो होता का रे? त्याला ऐकू गेली असेल का?’ पुढच्या काही आठवड्यांत हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला, नेहाला विचारला, मला तर अनेकदा विचारला. ‘वहिनी, त्यांना काही त्रास झाला नसेल,’ असं आम्ही सगळे म्हणायचो. पण त्यांचा प्रश्न तो नव्हताच. ज्या माणसाला इतकी वर्षं हाका मारल्या, त्याला शेवटची पोचली की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

दादा मूळचे इचलकरंजीचे. सिव्हिल इंजिनिअर होऊन इकडे एमएस करायला आले आणि रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका कन्सल्टिंग कंपनीत चिकटले ते रिटायर होईपर्यंत. त्यांचं काम म्हणजे गाड्या मोजणं. रस्त्यावर काळी रबरी नळी आडवी टाकलेली असते, तिच्यावरून चाक गेलं की आकडा पुढे सरकतो. ते आकडे घ्यायचे आणि रस्ता किती रुंद करायचा, सिग्नल किती सेकंदांचा ठेवायचा ते सांगायचं. न्यू जर्सीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मराठी मंडळींनी पार्टीत त्यांना धारेवर धरलं की ते शांतपणे म्हणत, ‘रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात, हे मला नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच कळलं होतं. नंतर फक्त पगार घेतला.’ लोक हसत. दादा मात्र हे विनोद म्हणून सांगत नसत, हे मला पुढे त्यांच्याशी मैत्री झाल्यावर उमगलं.

ती मैत्री भांडणातून झाली. मी नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेतो, त्यामुळे स्वभावही तसाच झालेला. पन्नाशी जवळ आल्यावर डॉक्टरांनी दम भरला म्हणून सायकल घेतली आणि जुन्या कालव्याच्या काठाने जी कच्ची वाट जाते तिथे चालवायला लागलो. एका सकाळी पुढे एक गृहस्थ वाटेच्या अगदी मधोमध, हलत-डुलत चालले होते. मी घंटी वाजवली, ‘ऑन युअर लेफ्ट’, म्हणजे डावीकडून पुढे जातोय, असं ओरडलो, मग अस्सल वऱ्हाडी शिव्याही दिल्या, कारण इथे कोणाला कळणार? ढिम्म. शेवटी वाट रुंद झाली तेव्हा मी त्यांच्या शेजारी आलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सायकल थांबवली आणि मराठीत म्हणाले, ‘मला ऐकू येत नाही हो. पण तुमच्या तोंडाकडे बघून कळलं की मागे बरंच काही बोलून झालंय.’ मी शरमेने अर्धा झालो. त्यांनी थर्मासमधला चहा काढला. पुढची बारा वर्षं मी त्यांच्या मागून सायकल चालवली.

मागूनच का, त्यालाही कारण आहे. सायकलवाल्याचे निम्मे डोळे कानात असतात. मागून येणारी गाडी आधी ऐकू येते, मग आपण आपोआप कडेला सरकतो. दादांना तो रस्ता बंद झाला होता. मशीन लावलं तर वारा कानात असा घोंगावायचा की जीव नकोसा व्हायचा, आणि काढलं तर सगळं सामसूम. त्यामुळे ते सारखे मान वळवून मागे बघत. कधी डाव्या खांद्यावरून, कधी उजव्या. संध्याकाळी मान आखडायची. वहिनी तेल चोळून द्यायच्या आणि चोळता चोळता सुनवायच्या. एकदा आमच्याच गावाजवळच्या रस्त्यावर एका ट्रकचा आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला. खरचटण्यावर निभावलं, पण वहिनींनी निकाल दिला: गाड्यांच्या रस्त्यावर सायकल बंद. दादांनी वाद घातला नाही. ‘तिचं बरोबर आहे. आकडे तिच्या बाजूने आहेत,’ एवढंच ते मला म्हणाले. मात्र पुढचे काही महिने ते फार उदास दिसत. कालव्याची वाट सरळ, सपाट; तिचं दोन महिन्यांत पाठांतर होतं. त्यांना चढ हवा असायचा.

त्यांच्या जुन्या ऑफिसात एक इटालियन वंशाचा सहकारी होता. न्यू जर्सीत दर चौथ्या घराचे आजोबा इटलीहून आलेले असतात, तसे याचेही. आजोबांचं गाव बघून आल्यावर तो दादांना म्हणाला, की गावात आता म्हातारी माणसं उरलीत, तरुण सगळे शहरात नाहीतर परदेशात, आणि डोंगरावरचा रस्ता इतका ओस की कुत्री मधोमध झोपतात. दादांनी त्यातलं शेवटचं वाक्य फक्त पकडलं. त्या दिवसापासून बेसमेंटमधला त्यांचा मुक्काम सुरू झाला. नकाशावर रस्त्यांचे फोटो असतात ना, बाण दाबला की आपण रस्त्याने पुढे पुढे जातो, तसे ते इटलीतल्या मार्के नावाच्या प्रांतातले रस्ते एकेक करून चालत. समुद्र आणि मोठे डोंगर यांच्या मधला हा सगळा टेकड्यांचा मुलूख. प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर एक गाव.

आयुष्यभर गाड्या कुठून जातात ते शोधलेला माणूस आता त्या कुठून जात नाहीत ते शोधायला लागला, आणि ते काम त्यांना फार छान जमायचं. ते मला शेजारी बसवून दाखवत. खाली दरीतून नदीच्या कडेने नवा सरळ रस्ता झाला, की ज्यांना घाई आहे ते सगळे खाली उतरतात. वरचा जुना रस्ता, जो प्रत्येक गावाला विचारपूस करत जातो, तो मोकळा होतो. आपल्याकडे घाटात नवा रस्ता झाल्यावर जुन्यावर गुरं बसतात, तसंच. मग ते फोटोत डांबराच्या भेगांमधलं गवत बघत. रस्त्याच्या मधली पांढरी रेघ बघत. नसली तर खूश होत. आणि घराबाहेरच्या खुर्च्या बघत. ‘खुर्चीचं तोंड रस्त्याकडे आहे ना, म्हणजे दिवसाला मोजक्या गाड्या. लोकांना गाडी बघायला आवडते आहे. खुर्ची पाठ करून असली तर समजायचं, इथे वैतागलेत.’ मी टेस्टर. मी विचारलं, याला पुरावा काय? ते म्हणाले, ‘चल, मोजून येऊ.’

आम्ही गेलो. पहिल्या वर्षी दोघेच, नंतर पुण्याची केतकी आली. ती इथे आयटीत आहे, आमच्या दोघांच्याही निम्म्या वयाची आणि चढावर दुप्पट वेगाची. मग दर वर्षी एकदा, शरदात, आठवडाभर जात राहिलो. ते रस्ते कसे होते ते सांगायला मला दादांचीच भाषा वापरावी लागेल. ते दिवसाचा हिशोब मानेवर करत. संध्याकाळी सायकलवरून उतरले की आधी मान डावीकडे, उजवीकडे फिरवून बघत, आणि दुखत नसली तर रस्ता पास. ‘आज मान मोकळी राहिली,’ ही त्यांची सगळ्यात मोठी दाद होती. डोंगराच्या पाठीवरून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना नांगरलेली तांबूस-करडी शेतं उतरत जातात, मधेच एखादं मोठं ओकचं झाड एकटंच उभं, आणि तासभर कोणी येत नाही. त्यांच्या हँडलला छोटा आरसा होता. मागून गाडी आली की मी हात वर करायचा आणि त्यांनी तो आरशात बघून कडेला व्हायचं, हा आमचा करार. पण काही रस्त्यांवर सकाळपासून दुपारपर्यंत माझा हात वर गेला नाही. अशा वेळी दादांची पाठ बघण्यासारखी व्हायची. खांदे खाली यायचे, मान समोर, आणि चढावर ते जरासे डोलायला लागायचे. हा माणूस एरवी किती सावध बसतो, ते तेव्हा कळायचं.

गमतीही झाल्या. आपण मराठी माणसं निघणार उशिरा, चढणार हळूहळू आणि जेवायला पोचणार तीन वाजता. तिकडे अडीचला स्वयंपाकघर बंद झालं की संध्याकाळपर्यंत ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही. मग गावाच्या चौकात बाकावर बसून वहिनींनी दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. पण खरी गंमत झाली ती तिसऱ्या वर्षी. दादांनी एक रस्ता काढला होता. त्यांच्या मते तो आजवरचा सर्वांत उत्तम होता. फोटोत एकही गाडी नाही, गवत, खुर्च्या, सगळं पास. आम्ही रविवारी सकाळी निघालो. पहिल्या वळणालाच धाडकन आवाज झाला. मग आणखी दोन. समोरच्या रानात कुत्री पिसाळल्यासारखी भुंकत होती. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं बंदुका घेऊन झाडीत उभी होती. रानडुकरांच्या शिकारीचे दिवस, रविवारची सकाळ. गावातली माणसं शहाणी, ती त्या वाटेला फिरकत नव्हती. ‘यार, हे लोक शूट करताहेत!’ केतकी ओरडली आणि खाली बसली. मी दादांना आरशात दिसावं म्हणून दोन्ही हात वर केले. त्यांना वाटलं, मागून दोन गाड्या येताहेत. ते शिस्तीत आणखी कडेला झाले. एका शिकाऱ्याने मागे फिरा म्हणून हात हलवला, दादांनी त्याला नमस्कार केला. पुढच्या गावाच्या वेशीवर ते आमच्यासाठी थांबले होते. चेहरा असा फुललेला. म्हणाले, ‘काय शांतता आहे!’

कॉफी पिताना केतकीने त्यांना सगळं लिहून दाखवलं, कारण तिला हसू आवरत नव्हतं आणि तिचं बोलणं त्यांना कळेना. तेही पोटभर हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, ‘तुम्हाला काय काय ऐकावं लागतं हे माझ्या ध्यानातच येत नाही.’ मी म्हटलं, ‘दादा, सोडा हो.’ ते म्हणाले, ‘नाही रे. घरी पण असंच होत असणार. तिचं.’ मला वाटतं, वहिनींना इथे आणायचं हे त्यांच्या मनाने त्याच दिवशी घेतलं.

वहिनींना सायकल येत नव्हती. लहानपणी शिकायची राहिली, नंतर गरज पडली नाही, आणि ट्रकच्या प्रसंगानंतर तर सायकल या वस्तूवरच राग. दादा वर्षानुवर्षं विचारत राहिले आणि त्या वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिल्या. गेल्या वर्षी केव्हातरी त्या हो म्हणाल्या. कशामुळे, ते दोघांनीही सांगितलं नाही. मग रविवारी सकाळी एका शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शिकवणी सुरू झाली. पासष्ट ओलांडलेली बाई, पंजाबी ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, आणि मागे सीट धरून पळणारा बहिरा नवरा. ‘सोडू नकोस’ म्हटलेलं त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो कधी सोडतो याचा भरवसा नाही. अशा परिस्थितीत त्या शिकल्या, ही लहान गोष्ट नव्हे. दादांनी त्यांच्यासाठी वेगळा रस्ता शोधायला घेतला. बॅटरीची सायकल झेपेल इतपत चढ, उतार फार तीव्र नको, रविवार नको. एका दरीतून वर टेकडीवरच्या गावात जाणारा जुना रस्ता. शेवटच्या सकाळी पडद्यावर होता तो हाच.

ते गेल्यावर सहल रद्द करायची, असं मी आणि केतकीने गृहीत धरलं होतं. देवळाच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा झाली, लोक येऊन गेले, डबे येत राहिले. एका संध्याकाळी मी वहिनींना तिकिटांचं विचारलं. म्हटलं, कॅन्सल करून टाकू, मी बघतो. त्या म्हणाल्या, ‘मी जाणार आहे.’ नेहाला ते पटलं नाही. ‘आई, इट्स टू सून,’ ती म्हणाली. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात भेटलेल्या एका काकूंनी तर मलाच सुनावलं, की महिना झाला नाही आणि बाईला सायकलवर बसवताय! मी वहिनींना हे सांगितलं नाही, पण त्यांच्या कानावर आलंच. त्या मला म्हणाल्या, ‘मिलिंद, हा माणूस दहा वर्षं त्या तळघरात बसून काय बघत होता, ते मला एकदा बघायचंय. माझ्या हाकेला ओ न देता काय बघत होता, ते.’ त्या रागावून बोलत होत्या की रडवेल्या होत्या, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही असेल. मी तिकिटं तशीच ठेवली.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही तिथे होतो. वहिनी, केतकी आणि मी. खालच्या गावात वहिनींसाठी बॅटरीची सायकल भाड्याने घेतली. पहिले दोन दिवस सपाटीवर सराव केला आणि तिसऱ्या दिवशी दादांच्या रस्त्याला लागलो. केतकी पुढे, मध्ये वहिनी, मागे मी, सवयीने. द्राक्षं काढायचे दिवस होते. रस्ता त्यांनी सांगितला होता तसाच होता. भेगांत गवत, मधे रेघ नाही. एका घराबाहेर प्लास्टिकची खुर्ची होती, तोंड रस्त्याकडे. मी वहिनींना ते दाखवलं नाही. त्या पुढे बघून चालवण्यात गुंतल्या होत्या आणि दाखवलं असतं तर पडल्या असत्या. वाटेत एक ट्रॅक्टर तेवढा आला, तोही आम्हाला बघून चालवणाऱ्यानेच कडेला घेतला. चढ संपता संपता माझी चेन उतरली. मी खाली उतरून बोटं काळी करत बसलो. केतकी वरच्या गावात पोचली होती. वहिनी पुढच्या वळणावर थांबल्या.

तिथून त्यांनी मला हाक मारली. ‘मिलिंद, तुझ्याकडे पाणी आहे का?’ एवढंच. पण तो आवाज समोरच्या टेकडीवर जाऊन आदळला आणि परत आला. पलीकडे कुठेतरी एक कुत्रं भुंकायला लागलं. खालच्या द्राक्षाच्या मळ्यात एक माणूस वेलींमधून उठून उभा राहिला आणि आम्हाला काही झालंय का म्हणून हात डोळ्यांवर धरून बघायला लागला. वहिनी दचकल्या. मी सायकल ढकलत त्यांच्यापर्यंत पोचलो, बाटली दिली. त्या पाणी प्यायल्या नाहीत. खालच्या माणसाला मी हात हलवून ठीक आहे असं सांगितलं, तेव्हा तो पुन्हा कामाला लागला.

‘मी एवढ्या मोठ्याने बोलते?’ त्यांनी विचारलं. आता अगदी हळू.

‘हो,’ मी म्हणालो.

‘नेहमी?’

‘नेहमी, वहिनी.’

खरं म्हणजे ते माझ्याही लक्षात तेव्हाच आलं होतं. आमच्याकडे मागे हायवेची घरघर असते, घरात एसी, डिशवॉशर, टीव्ही, आणि त्यात वहिनींचा आवाज बसून गेला होता. बारा वर्षं मी तो ऐकत होतो, पण तो मोठा आहे हे त्या डोंगरावर काहीच आवाज नव्हता म्हणून कळलं. रोज थोडा थोडा चढवत नेला असणार त्यांनी, दादांचं ऐकणं जसं उतरत गेलं तसा.

वहिनी रस्त्याच्या कडेला बसल्या. हेल्मेटचा पट्टा सोडला आणि म्हणाल्या, ‘त्या दिवशी पण अशीच मारली असेल ना हाक?’

‘अशीच.’

‘मग त्याला ऐकू गेली असणार.’

बेसमेंटमधल्या टेबलावर कानातली मशीनं पडलेली मी स्वतः पाहिली होती. वहिनींनीच ती नंतर डबीत घालून ठेवली होती, म्हणजे त्यांनाही ते माहीत होतं. पुराव्याशिवाय कशालाही पास म्हणायचं नाही, यावर माझी नोकरी चालली आहे. मी म्हणालो, ‘गेली असणार, वहिनी.’ त्यांनी मान हलवली, पाणी घेतलं, हेल्मेटचा पट्टा लावला आणि मला म्हणाल्या की आता चढ कमी आहे का ते बघ. उरलेला रस्ता त्या न थांबता चढल्या. मी मागून बघत होतो. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. अर्थात, वळल्या असत्या तर तोल गेला असता, हेही खरं आहे.

परत येऊन आता काही आठवडे झाले. वहिनींनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. परवाच्या शनिवारी त्यांनी मला एडिसनला बोलावलं. दादांच्या कॉम्प्युटरवरचे सगळे रस्ते केतकीला पाठवायचे होते. तिला आणि तिच्या मित्रमैत्रिणींना पुढच्या वर्षी जायचं आहे. मी खाली गेलो. वहिनींनी वरून जिन्याचं दार लावून घेतलं, कारण त्या मिरचीची फोडणी घालणार होत्या आणि ठसका खाली येतो. मी दादांच्या खुर्चीवर बसलो. शेजारी वॉशिंग मशीन चालू होतं. पडद्यावर एकामागून एक टेकड्यांची नावं होती, काही रस्ते आम्ही चालवलेले, बरेचसे न चालवलेले. काम अर्ध्यावर आलं होतं तेव्हा वरून हाक आली, ‘मिलिंद, चहा!’

दार बंद होतं, मशीन घरघरत होतं, तरी अक्षर न् अक्षर खाली आलं. माझे कान चांगले आहेत, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. ‘आलो, वहिनी,’ मी तिथूनच ओरडून सांगितलं. वर एकदम सगळं थांबल्यासारखं झालं. मी जिना चढून दार उघडलं, तर त्या हातात कप धरून दाराशीच उभ्या होत्या. खालून उत्तर यायची त्यांना सवय नव्हती.